अर्धं घोंगडं

चर्चमधली रविवारची मिस्सा, म्हणजे सामुदायिक उपासना, संपली की पाच ते आठ वर्षांच्या पोरांचा धर्मशिक्षणाचा वर्ग माझ्याकडे असतो. माझं माहेर वसईचं. पण कोल्हापुरात इतकी वर्षं काढलीत की आता माझ्याही वाक्याच्या शेवटी 'की' येतो.

या वर्गात मी एकदा मोठा शहाणपणा केला होता. पोरांना देण्याची सवय लागावी म्हणून भिंतीवर तक्ता लावला. कुणाला काही दिलं की नावापुढे एक चांदणी. दोन आठवड्यांत एक पोरगं सगळ्यांच्या पुढे! मला कोण आनंद. मग त्याची आई भेटली. "अहो टीचर, तो रोज डब्यातली दोडक्याची भाजी वाटतोय. त्याला आवडत नाही ती." तक्ता त्याच दिवशी उतरवला.

पण हसू तरी कुणाला? 2019 च्या महापुरात आलेल्या कपड्यांची गाठोडी मी निवडलीत. चेन तुटलेल्या पँटी, एकाच पायाची चप्पल, विटलेल्या साड्या. चांगलंही पुष्कळ आलं, नाही असं नाही. पण दोडक्याची भाजी मोठ्यांकडूनही येते.

तेव्हापासून मी फक्त गोष्टी सांगते, आणि पहिली संत मार्टिनची. चौथ्या शतकातला, आजच्या हंगेरीत जन्मलेला, रोमन सैन्यातला शिपाई. फ्रान्समधल्या आमियाँ शहराच्या वेशीत त्याला एक उघडा भिकारी दिसला. थंडी अशी, की माणसं गारठून मरत होती. मार्टिननं बाकीचे कपडे आधीच वाटून टाकलेले. अंगावर शस्त्रं आणि एक घोंगडं. (पुस्तकात 'झगा' आहे. आमच्या पोरांना घोंगडं कळतं.) त्यानं तलवार काढली, घोंगडं मधोमध कापलं आणि अर्धं भिकाऱ्याला दिलं.

यावर एकजण म्हणाला, "टीचर, मग दोघंबी गारठणार की!"

बरोबरच आहे त्याचं. पूर्वी मी इथे घाईनं पुढचं सांगून टाकायची, की रात्री स्वप्नात येशू तेच अर्धं घोंगडं पांघरून दिसला. म्हणजे हिशेब लगेच चुकता. आता मी थांबते. दोघांनाही जरा कुडकुडू देते. अर्ध्या घोंगड्यात तो विचित्र दिसतोय म्हणून बघणारे काहीजण हसले, हेही सांगते. आणि त्या वेळी त्याचा बाप्तिस्माही झालेला नव्हता. संत वगैरे सगळं नंतरचं.

कर्ण, शिबीराजा मला प्रिय आहेत, त्यांच्याही गोष्टी सांगते. पण स्वतःचं मांस कापून तराजूत घालणारा राजा ऐकून सहा वर्षांचं पोर आईला बिलगतं. अर्धं करणं मात्र त्याला रोजचं असतं. घरी भावंड असेल तर भांडणासकट.

हंगेरीच्या संत एलिझाबेथची गोष्ट सगळे गुलाबांसाठी सांगतात. गरिबांसाठी लपवून नेत असलेल्या भाकऱ्या, कुणीतरी अडवलं, पदर उघडला तर गुलाब. ही दंतकथा सांगितली तेव्हा एका मुलीनं विचारलं, "मग उपाशी होती त्यांनी काय खाल्लं?" मला उत्तर सुचेना. आता मी 1226 चा दुष्काळ सांगते. नवरा परगावी असताना या बाईनं वाड्यातली धान्याची कोठारं लोकांसाठी उघडली, तेव्हा ती विशीतही नव्हती. एक आजी यावर रागावल्या, चमत्कार गाळू नका म्हणाल्या. गाळत नाही, पण कोठार आधी, गुलाब मागून.

सगळ्यांत रंगते ती मात्र मदर तेरेसांनी 1979 साली नोबेल स्वीकारताना सांगितलेली गोष्ट. कोलकात्यात साखरेची टंचाई होती. चार वर्षांच्या एका हिंदू मुलानं घरी सांगितलं, मी तीन दिवस साखर खाणार नाही, माझी साखर मदर तेरेसांना देणार. या गोष्टीत देणारं लेकरू आहे आणि संत घेणारी! वर्गात कुणी हलत नाही. साखर मिळत नाही हेच मुळात आमच्या ऊसपट्ट्यातल्या पोरांना खरं वाटत नाही. "गूळ पण नव्हता?" हा प्रश्न दर वर्षी येतो. मग तीन दिवस बिनसाखरेचा चहा कसा लागेल, यावर दहा मिनिटं जातात. जाऊ देते.

11 नोव्हेंबरला संत मार्टिनचा सण असतो. तोवर आमच्याकडे गुऱ्हाळं सुरू झालेली असतात. मागच्या वर्षी त्या सुमाराच्या रविवारी दोडकेवाल्याचा धाकटा भाऊ खिशातून ताज्या गुळाचा खडा घेऊन आला. कागदाला चिकटलेला, वर खिशातला दोरा. शेजारच्या मुलीसाठी त्यानं तो दातांनीच फोडला, दोन्ही तुकडे बराच वेळ निरखले आणि मोठा अर्धा स्वतःकडे ठेवला.

मी काही बोलले नाही. तिनं दोरा काढला आणि खाल्ला.