'पॉश' हा बोटीच्या तिकिटावरचा शिक्का नव्हे

'तुम्हाला माहीत आहे का?' या मथळ्याखाली एक मजकूर गेली कित्येक वर्षं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. त्याचा सारांश असा : इंग्रजांच्या राज्यात श्रीमंत साहेब लोक पी अँड ओ कंपनीच्या बोटीने विलायतेहून मुंबईला येत. येताना बोटीची डावी बाजू सावलीत असे आणि परतताना उजवी. म्हणून पैसेवाले येताना डावीकडची, म्हणजे 'पोर्ट'ची केबिन घेत आणि जाताना उजवीकडची, म्हणजे 'स्टारबोर्ड'ची. त्यांच्या तिकिटावर 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' याची आद्याक्षरं, पी-ओ-एस-एच, जांभळ्या शाईत उमटवलेली असत. त्यावरूनच उंची, श्रीमंती या अर्थाचा 'पॉश' हा शब्द आला.

गोष्टीत मुंबई आहे, आपला समुद्र आहे, साहेबाचा थाट आहे. त्यामुळे आपल्याकडे ती चटकन पटते आणि शिकलेसवरलेले लोकही ती बिनदिक्कत पुढे पाठवतात. पण ती खरी नाही. शिवाय ती खरी धरली की या शब्दामागची वेगळीच माणसं पुसली जातात. म्हणून एकेक दावा तपासू.

'येताना डावी बाजू सावलीत असे.'

यात बरंचसं तथ्य आहे, ते आधी मान्य करायला हवं. नकाशा पुढ्यात घ्या. जिब्राल्टर मागे टाकून बोट भूमध्य समुद्रातून पूर्वेला निघाली की तिची डावी बाजू उत्तरेला येते आणि उजवी दक्षिणेला. त्या अक्षांशांवर सूर्य बाराही महिने दक्षिणेकडून जातो, म्हणजे ऊन उजवीकडे. सुएझ कालवा (तो १८६९ मध्ये खुला झाला) ओलांडून तांबड्या समुद्रात शिरलं की बोटीचं तोंड दक्षिण-आग्नेयेला. डावीकडच्या केबिनींना सकाळचं ऊन, उजवीकडच्यांना दुपारनंतरचं. आणि दुपारनंतर तापलेलं लोखंड रात्री झोपू देत नाही. एडनहून मुंबईची वाट धरली की डावी बाजू पुन्हा उत्तरेला. हिवाळ्यात तिकडूनच ईशान्येचा वाराही येतो.

हे गणित वर्षभर मात्र चालत नाही. मुंबईत शून्य सावलीचा दिवस साधारण १५ मेच्या सुमारास येतो आणि दुसऱ्यांदा २७-२८ जुलैच्या सुमारास. मधल्या अडीच महिन्यांत भर दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. त्या दिवसांत मुंबईकडे येणाऱ्या बोटीची डावी बाजूच उन्हाची आणि नैऋत्येचा वारा उजवीकडून. पण विलायतेहून येणाऱ्या प्रवाशांचा खरा हंगाम पाऊस ओसरल्यानंतरचा. १९२८ मध्ये सुरू झालेली फ्रंटियर मेल याच हंगामात बॅलार्ड पियरच्या धक्क्यावरून सुटायची, बोटीतून उतरलेल्या साहेबांना थेट पेशावरच्या वाटेला लावायला.

तेव्हा 'डावीकडची केबिन द्या' असं बुकिंगच्या वेळी बजावणारे प्रवासी असणारच. पण अमुक बाजूची केबिन बरी होती, एवढ्यावरून एखादा शब्द तिथे जन्मला असं ठरत नाही. पटण्याजोगी गोष्ट आणि घडलेली गोष्ट यांच्यामध्ये कागद लागतो.

'तिकिटावर जांभळ्या शाईचा शिक्का असे.'

असा कागद नाही. पी अँड ओ १८३७ पासूनची कंपनी. सुएझ ते मुंबई ही टपालबोटींची वाट तिने १८५४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीकडून घेतली आणि पुढे शंभरहून जास्त वर्षं तिच्या बोटी मुंबईला लागत होत्या. त्या काळातली तिकिटं, प्रवाशांच्या याद्या, केबिनींचे नकाशे, जेवणाची मेनूकार्डं, सामानावरची लेबलं संग्रहालयांत आणि खासगी संग्रहांत जपून ठेवलेली आहेत. अभ्यासकांनी ती मुद्दाम या शिक्क्यासाठी धुंडाळली. ही अक्षरं असलेलं एकही तिकीट मिळालेलं नाही. खुद्द कंपनीच्या दप्तरातही अशा पद्धतीची नोंद नाही.

शाईचा रंग मात्र सगळ्यांना नेमका ठाऊक असतो. अशा गोष्टींना खरेपणाची झिलई याच बारकाव्याने येते, म्हणून तो वाचला की जास्त सावध व्हायला हवं.

'साहेब लोकांच्या या प्रवासातून शब्द रूढ झाला.'

माझ्या मते सगळा दावा कोसळतो तो इथे, कारण सनावळी जुळत नाही. झकपक, रुबाबदार या अर्थाने 'पॉश' छापात सापडतो तो १९१४ पासून, आणि तोही पहिल्या महायुद्धातल्या सैनिकी बोलीत. तोवर सुएझमार्गे मुंबईला येणं-जाणं सुरू होऊन पंचेचाळीस वर्षं झाली होती. त्या पंचेचाळीस वर्षांत मडमांनी घरी लिहिलेली पत्रं, अधिकाऱ्यांच्या रोजनिश्या, प्रवासवर्णनं, हिंदुस्थानातल्या साहेबी जगावरच्या कादंबऱ्या यांचा डोंगर साठला. बोटीवरच्या जेवणापासून बोट लागण्यापर्यंत सगळं त्यात आहे. 'पॉश' केबिन कुणाच्याही लेखणीतून उतरली नाही. साहेबी हिंदुस्थानची बोली टिपणारा 'हॉब्सन-जॉब्सन' हा जाडजूड कोश १८८६ मध्ये निघाला. त्यातही हा शब्द या अर्थाने नाही.

याहून बोलका पुरावा 'पंच' या इंग्रजी विनोदी साप्ताहिकाच्या २५ सप्टेंबर १९१८ च्या अंकातल्या एका व्यंगचित्राचा. हवाई दलातला तरुण अधिकारी आईला सांगतो, तिकडे आमची अगदी पॉश चंगळ होती. आई विचारते, पॉश म्हणजे काय रे? मुलगा तिला दुसरा एक बोलीतला शब्द सांगून अर्थ समजावतो. चित्रातलं घर खातंपितं, सुखवस्तू आहे. पी अँड ओच्या वरच्या वर्गाने प्रवास करणारी माणसं अशाच घरांतली. त्या घरातल्या आईला १९१८ मध्ये हा शब्द नवा वाटतो आणि वाचकालाही तो नवा असेल हे चित्रकाराने गृहीत धरलंय. शब्द पन्नास वर्षं त्यांच्या तिकिटांवर छापला जात असता, तर हा विनोद झालाच नसता.

मग 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' हे आलं कुठून? त्याची पहिली छापील खूण १९३५ मधली आहे, लंडनच्या 'टाइम्स लिटररी सप्लिमेंट'मधल्या एका पत्रात. आणि त्या पत्रात ती अमेरिकी जहाज-व्यवसायातली संज्ञा म्हणून दिलीय! मुंबई, पी अँड ओ आणि सावली ही भर नंतरची. १९६८ च्या 'चिट्टी चिट्टी बँग बँग' या चित्रपटातल्या आजोबांनी याच चार शब्दांवरचं गाणं म्हटल्यावर तर जगभरच्या मुलांच्या तोंडी ती व्युत्पत्ती बसली.

'आद्याक्षरं जोडूनच तर शब्द होतात!'

आज होतात. आद्याक्षरांचा शब्द करून तो सलग उच्चारायची सवय इंग्रजीला मुख्यतः दोन महायुद्धांनी लावली : १९१५ चा 'अँझॅक' (ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची फौज), मग 'रडार'. त्याआधी अशी उदाहरणं फार थोडी. म्हणून जुन्या शब्दाची फोड आद्याक्षरांनी करून दाखवणारा मजकूर समोर आला की आधी त्यावर शंका घ्यावी. 'न्यूज' म्हणजे उत्तर-पूर्व-पश्चिम-दक्षिण नव्हे, ते 'न्यू'चं अनेकवचन आहे. 'गोल्फ'मध्ये बायकांना मज्जाव करणारं कुठलंही वाक्य लपलेलं नाही. स्कॉटलंडच्या पार्लमेंटने १४५७ मध्ये या खेळावर बंदी घातली, तेव्हा तो शब्द रुळलेला होता.

'नाही, तो उर्दूतल्या सफेदपोशवरून आलाय.'

ही दुसरी आवृत्तीही अधूनमधून येते. 'पोश' म्हणजे पांघरलेलं, झाकलेलं. आपल्या पलंगपोसातला आणि सरपोसातला पोस तोच. सफेदपोश म्हणजे पांढरपेशा, हेही बरोबर. पण सफेदपोशमधला नुसता 'पोश' सुटा काढून इंग्रज तो वापरत होते, याचा पुरावा नाही, आणि हॉब्सन-जॉब्सनची हरकत इथेही लागू पडते.

मग शब्द कुठला?

मोठे इंग्रजी कोश व्युत्पत्ती अनिश्चित म्हणतात, आणि सैनिकी बोलीपर्यंतचा शेवटचा दुवा सिद्ध झालेला नाही हे खरंच आहे. पण सर्वांत दमदार धागा लंडनच्या गल्ल्यांतून जातो. १८३० मध्ये, म्हणजे पी अँड ओच्याही जन्माआधी, लंडनमधल्या एका खटल्याच्या नोंदीत 'पॉश' येतो. अर्थ : अर्धा पेनी. हातावर पोट असलेल्यांच्या आणि भुरट्या चोरांच्या बोलीत हे चिल्लर नाणं पॉश होतं. पुढे तो शब्द एकूणच पैशासाठी वापरला जाऊ लागला. १८९० च्या सुमारास बोलीभाषेचे कोश 'पॉश' म्हणजे छानछोकी करणारा, नटवा माणूस असाही अर्थ देतात. १८९२ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या 'द डायरी ऑफ अ नोबडी'त टोप्यांच्या धंद्यातला एक पैसेवाला आहे. लेखकांनी त्याचं आडनावच पॉश ठेवलंय. अर्धा पेनी, मग पैसा, मग पैशाचा थाट, मग थाटाची वस्तू, अशी ही चढण.

आणि अर्ध्या पेनीला पॉश का म्हणायचे? कारण इंग्लंडमधल्या रोमा, म्हणजे जिप्सी म्हटल्या गेलेल्या लोकांच्या भाषेत पॉश म्हणजे अर्धा. पॉश-हॉरी म्हणजे अर्धा पेनी. अर्ध्या रोमा रक्ताच्या माणसाला ते पॉशरॅट म्हणत. त्यातला 'रॅट' म्हणजे आपलं रक्त. रोमांचे पूर्वज साधारण हजार वर्षांपूर्वी हिंदुस्थानातून निघाले आणि सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनला पोचले. येक, दुय, त्रिन, श्तार, पांज असे ते आकडे मोजतात. त्यांचा 'पाश' किंवा 'पॉश' संस्कृतातल्या पार्श्ववरून आलाय. पार्श्व म्हणजे बाजू. दोन बाजूंपैकी एक म्हणून अर्धा. याच पार्श्वपासून मराठीत पाशी आणि पासून आले. दारापाशी, आईपाशी म्हणताना आपण त्याच मुळाला हात लावत असतो.

रोमांनी इंग्रजी बोलीला दिलेला हा एकटा शब्द नाही. दोस्त या अर्थाचा 'पॅल' त्यांच्या फ्रालवरून, म्हणजे भ्रातावरून. हलक्या समजल्या गेलेल्या पोरांसाठी वापरला जाणारा 'चॅव' त्यांच्या छावोवरून, म्हणजे मुलावरून. आपला छावा त्याच घरातला. ज्यांना शतकानुशतकं गावाबाहेर काढलं, चोर ठरवून डाग दिले, त्यांच्या तोंडचे हे शब्द. हिंदुस्थानशी या शब्दाचं नातं जोडायचंच असेल, तर ते इथे जोडता येतं. व्हॉट्सअ‍ॅपवरची गोष्ट नेमकं हेच हिरावून घेते आणि सगळं श्रेय पहिल्या वर्गातल्या साहेबाला देते. मला या दाव्याचा राग येतो तो यासाठी.

'पॉश म्हणजे श्रीमंती, बास.'

मराठीत जवळपास तसंच आहे. पॉश एरिया, पॉश फ्लॅट, हॉटेल एकदम पॉश. आपण तो वस्तूला आणि वस्तीला लावतो आणि त्यात कौतुक असतं. अलीकडे ऑफिसात 'पॉश कमिटी' म्हणतात तो मात्र निराळा : कामाच्या ठिकाणी होणाऱ्या महिलांच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ मध्ये कायदा झाला, त्यासाठीच्या 'प्रिव्हेन्शन ऑफ सेक्शुअल हॅरॅसमेंट' या शब्दांच्या आद्याक्षरांचा. हा खराखुरा आद्याक्षरी शब्द, पण त्याचा जुन्या पॉशशी संबंध नाही.

ब्रिटनमध्ये अर्थ बराच सरकलाय. पीटरबरो युनायटेड या फुटबॉल क्लबचे चाहते आपल्या संघाला प्रेमाने 'द पॉश' म्हणतात. पण माणसाला पॉश म्हटलं की रोख त्याच्या बँकेतल्या पैशापेक्षा घराण्यावर, महागड्या शाळेवर आणि उच्चारांवर जास्त असतो. पैसा नसलेला माणूसही तिथे पॉश असू शकतो आणि करोडपती दुकानदार नसूही शकतो. 'पॉश बोलतोस' हे वाक्य बहुतेक वेळा टोमणा असतो. शिकायला किंवा नोकरीला तिकडे गेलेल्या मराठी मुलामुलींनी सहकाऱ्याच्या घराला पॉश म्हणायला हरकत नाही. त्या सहकाऱ्यालाच कौतुकाने पॉश म्हणण्याआधी मात्र थांबावं.