संघमालकांची चौकशी कोणी करावी? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

आयपीएलच्या संघमालकांची चौकशी लीगबाहेरच्या सार्वजनिक यंत्रणेने करावी, असे मांडणाऱ्या माझ्या लेखावर आपण वेळ काढून सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे: क्रिकेट नियामक मंडळ ही सरकारकडून एक पैसाही न घेणारी खासगी संस्था आहे, संघ ही मालकांची मालमत्ता आहे, गैरप्रकार झालाच तर अमेरिकेतल्याप्रमाणे लीगने आपल्या नियमांनुसार शिक्षा करावी, आणि ज्या मंडळाच्या खुर्च्यांवर राजकारणीच बसतात, त्याची चौकशी सरकारकडे सोपवणे म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देणे. यातला शेवटचा मुद्दा मला फार गंभीर वाटतो आणि त्याकडे मी येणारच आहे. आधीचे मुद्दे मात्र मला मान्य नाहीत.

लीगने स्वतःच शिक्षा करावी, हा प्रयोग आपल्याकडे २०१३ मध्ये होऊन गेला आहे. त्या वर्षी २४ मे रोजी मुंबई पोलिसांनी गुरुनाथ मय्यप्पन यांना सट्टेबाजीच्या प्रकरणात अटक केली. त्यांचे सासरे एन. श्रीनिवासन हे तेव्हा एकीकडे नियामक मंडळाचे अध्यक्ष होते आणि दुसरीकडे चेन्नई सुपर किंग्जची मालकी असलेल्या इंडिया सिमेंट्स या कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक. त्याच सुमारास कंपनीने जाहीर केले की मय्यप्पन हे संघाचे मालकही नाहीत आणि प्रमुखही नाहीत. मंडळाने दोन निवृत्त न्यायमूर्तींची समिती नेमली, आणि दोनच महिन्यांत, २८ जुलैला, त्या समितीने संघमालकांना निर्दोष ठरवले. त्यानंतर दोन दिवसांनी मुंबई उच्च न्यायालयाने त्या समितीची नेमणूकच बेकायदा ठरवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, न्यायमूर्ती मुकुल मुद्गल यांची समिती नेमली गेली आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये तिने निष्कर्ष दिला की मय्यप्पन हे संघाचे अधिकारीच होते, त्यांनी सट्टा लावला होता आणि संघातली माहिती बाहेर पुरवली होती. प्रकरण तेच होते, माणसेही तीच होती. समिती कोणी नेमली, एवढाच फरक होता.

ज्या नियमांवर आपण भिस्त ठेवता, त्यांचाही इतिहास पाहावा, अशी विनंती आहे. मंडळाच्या पदाधिकाऱ्याचे मंडळाच्या सामन्यांत व्यापारी हितसंबंध असू नयेत, असा नियम पूर्वी होता. सप्टेंबर २००८ मध्ये, म्हणजे आयपीएलचा पहिला हंगाम उरकल्यावर, नियम ६.२.४ मध्ये दुरुस्ती करून आयपीएल आणि चॅम्पियन्स लीग ट्वेंटी-२० या स्पर्धा त्या बंधनातून वगळण्यात आल्या. ज्यांना नियम अडवत होता, ते ज्या मंडळावर होते त्याच मंडळाने तो सैल केला. ही दुरुस्ती रद्द व्हायला २२ जानेवारी २०१५ उजाडावा लागला, आणि ती सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, मंडळाने नव्हे. या प्रकरणातील सट्टेबाजीपेक्षा हा भाग मला अधिक अस्वस्थ करतो, कारण सट्टा लावणारा निदान तो लपवतो. येथे जे झाले ते सभेच्या कामकाजात रीतसर नोंदवून झाले.

त्याच निकालात आपल्या ‘खासगी संस्था’ या मुद्द्याचेही उत्तर आहे. मंडळ हे राज्यघटनेच्या अर्थाने ‘राज्य’, म्हणजे सरकारी यंत्रणा, नाही, हे न्यायालयाने मान्य केले, म्हणजे तितक्यापुरते आपण बरोबर आहात. मात्र देशाच्या नावाने खेळणारा संघ निवडणे आणि या खेळावर देशभर जवळजवळ एकहाती नियंत्रण ठेवणे हे सार्वजनिक स्वरूपाचे काम असल्यामुळे, उच्च न्यायालयांच्या रिट अधिकारितेतून, म्हणजे तक्रार आल्यास आदेश देण्याच्या त्यांच्या अधिकारातून, मंडळाला सुटता येणार नाही, असेही न्यायालयाने बजावले. शिवाय एक पैसाही घेत नाही, असे म्हणताना वानखेडे विसरू नये. ते मैदान राज्य सरकारच्या जमिनीवर, भाडेपट्ट्याने उभे आहे. जून २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने मुंबईतील टी-२० सामन्याच्या पोलीस बंदोबस्ताचे शुल्क १० लाख रुपयांवर आणले आणि ही सवलत मागील तारखेने, २०११ पासून, लागू केली. बंदोबस्ताचा उरलेला खर्च कोणाच्या खिशातून जातो, हे सांगण्याची गरज नाही.

अमेरिकेचे उदाहरण आपण दिलेत, पण ते आपल्या बाजूने जात नाही. वॉशिंग्टनच्या फुटबॉल संघात महिला कर्मचाऱ्यांचा छळ होत असल्याचे आरोप झाले, तेव्हा अमेरिकी फुटबॉलच्या एनएफएल या लीगने चौकशी करवली, जुलै २०२१ मध्ये संघाला १ कोटी डॉलरचा दंड केला आणि लेखी अहवाल प्रसिद्धच केला नाही. त्यानंतर अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहातील देखरेख समितीने प्रकरण हाती घेतले, लीगचे आयुक्त रॉजर गुडेल यांची साक्ष काढली, संघमालक डॅन स्नायडर यांना बंद दाराआड दहा तासांहून अधिक काळ प्रश्न विचारले आणि डिसेंबर २०२२ मध्ये आपला अहवाल लोकांपुढे ठेवला. जुलै २०२३ मध्ये ज्या दिवशी स्नायडर यांच्या संघाच्या विक्रीला मंजुरी मिळाली, त्याच दिवशी लीगचा दुसरा चौकशी अहवाल प्रसिद्ध झाला आणि ६ कोटी डॉलरचा दंड झाला. लीग म्हणजे मालकांचीच मंडळी. आयुक्ताला नेमणारे आणि पगार देणारेही तेच. अशा आयुक्ताने एखाद्या मालकाला जाब विचारावा, ही अपेक्षा ठेवताना आपण त्याच्याकडून फारच धैर्य मागत असतो.

आता आपल्या शेवटच्या मुद्द्याकडे वळतो. सत्तेत बसलेल्यांना क्रिकेटची सूत्रे हवी असतात, आणि चौकशीचा अधिकार मंत्रालयाकडे गेला तर त्याचा वापर विरोधकांना नमवण्यासाठी होईल, ही आपली भीती मलाही वाटते. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने क्रिकेट मंडळालाही कक्षेत घेतले, याचे मी मूळ लेखात स्वागत केले होते. मात्र त्या कायद्यातील राष्ट्रीय क्रीडा मंडळाचे सदस्य केंद्र सरकार नेमणार आहे आणि माहिती अधिकार सरकारी मदत घेणाऱ्या संघटनांपुरताच ठेवला आहे, हे मी तितक्या ठळकपणे लिहायला हवे होते. सरकारच्या हाती अधिकार आला आणि नागरिकाच्या हाती कागद आला नाही, तर मला अभिप्रेत असलेली देखरेख ती नव्हे.

शिक्षेचा भार खेळाडू आणि प्रेक्षकांवर पडतो, हेही आपण ओझरते लिहिले आहे आणि ते खरे आहे. याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या लोढा समितीने १४ जुलै २०१५ रोजी चेन्नई सुपर किंग्ज आणि राजस्थान रॉयल्स या संघांच्या मालक कंपन्यांना दोन वर्षांसाठी निलंबित केले, मय्यप्पन आणि राजस्थानचे सहमालक राज कुंद्रा यांना आजीवन दूर ठेवले, पण चेन्नईच्या चेपॉक मैदानावर दोन वर्षे आपला संघ पाहू न शकलेल्या प्रेक्षकांनी काय केले होते? त्या पोकळीतूनच पुण्याला दोन हंगामांसाठी संघ मिळाला आणि २०१७ च्या अंतिम सामन्यात तो मुंबईकडून अवघ्या एका धावेने हरला. ते पुणेकर प्रेक्षकही पुढच्या वर्षी संघाविना राहिले. मालकाचा दोष सिद्ध झाल्यावर संघ बंद न ठेवता मालकी सक्तीने विकायला लावावी, असे मला वाटते, आणि वॉशिंग्टनमध्ये सक्ती न होताही शेवटी मालकच बदलला, संघ खेळत राहिला.

आपल्यामुळे एक चूक माझ्या लक्षात आली. मूळ लेखात मी २०१३ च्या प्रकरणाबाबत ‘सरकारने चौकशी केली’ असे लिहिले होते. अटक पोलिसांनी केली, चौकशी न्यायालयाने नेमलेल्या समित्यांनी केली, आणि प्रकरण न्यायालयापर्यंत नेले ते बिहार क्रिकेट संघटनेने. ते वाक्य मी आज बदलले आहे.