दुसरीच्या वर्गात नाच शिकवायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

दिवाळीची सुट्टी संपली की नाशिकमधल्या शाळाशाळांत गॅदरिंगचे डान्स ‘बसवायला’ घेतात. चाळीसच्या वर्गातली बारा ‘चांगली नाचणारी’ मुलं निवडायची, बाकीच्यांनी खाली बसून टाळ्या वाजवायच्या. चार मिनिटांचं गाणं महिनाभर घोटायचं. चाललंय ते चालू द्या, फक्त त्याला नाच शिकवणं म्हणू नका.

शिक्षकांचं ठरलेलं उत्तर असतं, “आम्हाला कुठे नाचता येतं?” प्राथमिकच्या वर्गात त्याने फारसं अडत नाही. तिथे स्टेप दाखवण्यापेक्षा काम देता यायला हवं. ‘हात असा वर करा’ म्हटलं की निम्मा वर्ग उलटा हात वर करतो, कारण बाई समोर तोंड करून उभ्या असतात. (दाखवायचंच असेल तर आरशासारखं दाखवा. तोंडाने ‘उजवा’ म्हणताना स्वतःचा डावा उचला. पहिलीच्या मुलांना उजव्या मनगटावर लोकरीचा धागा बांधा.) त्याऐवजी ‘शरीराचा कुठलाही भाग छताकडे न्या, हात सोडून’ असं सांगून बघा. कोणी गुडघा नेतं, कोणी टाच, कोणी आडवं पडून पोट. इथे चुकण्याची भीती नसते, त्यामुळे मागच्या रांगेतले मुलगेही उठतात.

नृत्याचे अभ्यासक रुडॉल्फ लाबान (१८७९–१९५८) यांची हालचालीकडे बघायची रीत इथे फार कामाला येते. काय हलतंय, कुठे, कसं आणि कोणाबरोबर, हे चार प्रश्न. एका तासाला यातला एकच बदलायचा. सगळ्यात दुर्लक्षित प्रश्न ‘कसं’ हा. ‘फुलपाखरू व्हा’ म्हटलं की चाळीस मुलं सारखेच हात फडफडवतात. ‘हलकं, झटकन, वाकड्या वाटेने जा’ म्हटलं की प्रत्येकाचं वेगळं निघतं. बाईंनी क्रियापदं आणि क्रियाविशेषणं वापरायची, नामं शक्यतो टाळायची.

पहिला आठवडा मात्र खुणेसाठी ठेवा. डफलीचे दोन ठोके म्हणजे पुतळा. हे अंगवळणी पडायच्या आत ब्लूटूथ स्पीकर लावला की बाईंचा आवाज बुडतो, मुलं पळत सुटतात आणि शेजारच्या वर्गातून तक्रार येते. चाळीस जणांना एकदम उठवू नका. बाक भिंतीला लावा, वीस जण नाचतील, वीस बघतील. बघणाऱ्यांनाही काम हवं: ‘जमिनीच्या सगळ्यात जवळ कोण गेलं?’ नुसतं ‘शांत बसा’ दोन मिनिटंसुद्धा टिकत नाही.

फरशीवर मोजे घालून नाचवलं की मुलं घसरणारच. अनवाणी नाचू द्या, आधी ओली जागा पुसून घ्या. उड्या एका वेळी आठच, गुडघे वाकवून, आवाज न करता उतरायचं. जोडीत मुलगा-मुलगी हात धरायला तयार नसतील तर रुमालाची दोन टोकं धरायला द्या, प्रश्न मिटला.

लयीची चूक तर जवळपास सगळीकडे होते. लहान मुलं म्हणून संथ गाणं लावतात. त्यांचे पाय आखूड, पावलं भरभर पडतात. मिनिटाला ११०–१२० ठोके त्यांना सोपे जातात. संथ लयीत एका पायावर तोल धरावा लागतो, ते मोठ्यांनाही जड जातं. केरवा तालाच्या आठ मात्रा पुरेत. आणि नाशिक ढोल मैदानातच बरा, बंद खोलीत कानठळ्या बसतात.

तिसरी-चौथीला गोदावरी घ्या. ब्रह्मगिरीवर थेंब थेंब (आठ मात्रा, फक्त बोटं आणि मनगट), खाली उतरता उतरता वेग (आठ मात्रा, उंचावरून जमिनीकडे), गंगापूर धरणात अडलेलं पाणी (आठ मात्रा, सगळे एकमेकांच्या जवळ, जड), रामकुंडापाशी पसरणं (आठ मात्रा, संपूर्ण खोलीभर). झाल्या बत्तीस. क्रम बाईंनी द्यायचा, हालचाल पाच-पाचच्या गटांनी शोधायची. पहिल्या दिवशी गोंधळ होईल. दोन तास लागतात.

आता तारप्याबद्दल, म्हणजे आदिवासींच्या भोपळ्याच्या फुंकवाद्यावर होणाऱ्या नाचाबद्दल. गॅदरिंगमधलं ‘आदिवासी नृत्य’ म्हणजे पानांचे घागरे आणि तोंडावर पांढरे ठिपके! पेठ, सुरगाण्यासारख्या आदिवासी तालुक्यांतली मुलं वर्गात असतील तर आधी त्यांना विचारा. तारपा वाजवणारा सूर बदलतो तशी नाचणाऱ्यांची चाल बदलते, सगळी साखळी त्याच्या मागे वळते. वर्गात हे पोशाखाशिवाय करता येतं: एकाच्या हातात डफली, बाकीचे कंबरेला हात धरून, ठोका बदलला की पाऊल बदलायचं. दर दोन मिनिटांनी डफली दुसऱ्याकडे.

गॅदरिंगला त्या बत्तीस मात्रा चाळीसच्या चाळीस मुलांना घेऊन स्टेजवर आणा. पालक म्हणतील, “गाणं कुठलंय हे?” म्हणू देत.