आधी मार्च एंड होऊ दे

अगं, आधी बस. पाणी पी. रडायचंच असेल तर बाथरूममध्ये जाऊन रड. इथे रडलीस तर पाचच्या आत अख्ख्या फ्लोअरला कळेल, आणि मग बिचाऱ्या भियाचं कसं होईल? (इंदुरात ज्याला दुसरं काही म्हणता येत नाही, तो भिया.)

आता नीट सांग. संक्रांतीला तिळगूळ घेताना त्यानं तुझा हात धरून ठेवला. बरं, किती वेळ? मोजलास का? मग कशी तक्रार करणार तू! गोड बोलायचा सण तो, माणूस जरा जास्त गोड झाला. तुझ्या खुर्चीच्या पाठीवर कोपर टेकून एक्सेलमधली चूक दाखवतो आणि माउसवर तुझा हात असताना वर आपला ठेवतो, असं म्हणतेस. चूक बहुतेक नसतेच, हे मलाही माहीत आहे. पण शिकायची वृत्ती असावी माणसाची.

आणि रात्री 11.40 ला ‘सो गई क्या?’ असा मेसेज आला तर उत्तर देऊ नकोस. अगदीच गप्पही बसू नकोस, माज आहे म्हणतील. मात्र उत्तर दिलंस तर बोलणं तूच वाढवलंस. सगळ्यात बरं म्हणजे डिलीट करून टाकावं. आईनं पाहिलं तर नोकरी सोडायला लावेल.

आम्ही काय हातावर हात धरून बसलोय? तुझं टेबल स्टोअररूमच्या तोंडाशी हलवलं, पंखा नाही पण शांतता आहे. डबा एकऐवजी दोनला खा म्हटलं. जुना ओढणीवाला ड्रेस घाल म्हटलं. पलासियाची बस एक स्टॉप आधीच पकड म्हटलं. इतके बदल केले! भियाची खिडकीजवळची खुर्ची तेवढी जागच्या जागी आहे. त्याला मानेचा त्रास आहे ना.

कुणीतरी तुला कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा दाखवलेला दिसतोय. दहा किंवा जास्त माणसं कामाला असली की अंतर्गत समिती हवी, अध्यक्ष वरिष्ठ पदावरची बाई हवी, निम्म्या तरी बायका हव्यात, एक सदस्य बाहेरचा हवा. आपल्याकडे आहे की! पाण्याच्या कूलरमागे बोर्ड आहे, वाकून बघ. अध्यक्ष म्हणून ज्यांचं नाव आहे त्या मॅडम रिटायर होऊन मुलाकडे पुण्याला गेल्या. बाहेरच्या सदस्य मोठ्या साहेबांच्या मावसबहीण. समिती नेमली नाही तर 50,000 रुपयांपर्यंत दंड आहे. बोर्ड त्याहून पुष्कळ स्वस्तात झाला. व्हाउचर मीच पास केलं.

समेटाचीही सोय आहे. तो फक्त बाईच्या विनंतीवरून होतो आणि पैशांवर करता येत नाही, असं कायदा म्हणतो. म्हणून तुझी विनंती आम्ही टाइप करून ठेवली आहे. तू नुसती सही कर. खोटी तक्रार केली तर कारवाई होते हे वाक्य भियाला पाठ आहे. तक्रार सिद्ध झाली नाही म्हणजे ती खोटी ठरत नाही, हे त्याच्या पुढचं वाक्य बहुधा प्रिंटरमध्ये अडकलं.

आपल्या शहराचंच बघ. 2017 पासून स्वच्छतेत पहिलं येतंय. घरोघरी कचरा सहा प्रकारांत वेगळा करतो आपण. ओल्यात प्लॅस्टिक सापडलं तर गाडीवाला चारचौघांत बोलतो. ऑफिसात मात्र एकच डबा ठेवलाय, गैरसमजाचा. हात त्यात, मेसेज त्यात, खुर्चीमागचा कोपर त्यात. केवढी सोय!

तेव्हा घाई नको. 1992 मध्ये राजस्थानात भंवरी देवींनी बालविवाह अडवायचा प्रयत्न केला म्हणून त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या याचिकेवर 1997 मध्ये कामाच्या ठिकाणच्या छळाबद्दल सुप्रीम कोर्टाची विशाखा तत्त्वं आली आणि कायदा व्हायला आणखी 16 वर्षं लागली. देश एवढा थांबला, तुला मार्च एंडपर्यंत थांबवत नाही? भियाच्या मुलीची बारावी होऊ दे. ऑडिट होऊ दे. रंगपंचमीला तर बोलूच नकोस, राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक निघते, टँकरनं रंग उडतो, त्या दिवशी गालाला कुणाचा हात लागला ते कोण सांगणार? मग एप्रिल. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची असते, म्हणजे 14 एप्रिल. आणि त्या दिवशी सुट्टी. बाबासाहेबांची जयंती, महूला ही गर्दी. बघ, आपोआप मिटलं.

एवढंच की, प्रकार पुन्हा पुन्हा घडत असेल तर तीन महिने शेवटच्या घटनेपासून मोजतात म्हणे. समितीला कारण पटलं तर वर आणखी तीन महिने. भियाला हे कुणी सांगितलेलं दिसत नाही. काल रात्री काय आलं म्हणालीस? ‘गुस्सा हो क्या?’ किती वाजता?

डिलीट केलास?

मग राहू दे. नको करूस. मला पाठव. ऑफिसच्या मेलवर नको गं, माझ्या फोनवर. कशाला काय... एकवीस वर्षांपूर्वी मी माझ्या चिठ्ठ्या फाडल्या होत्या. तारीख कशी दिसते ते जरा बघायचं आहे.