माळवदावरच्या चार रात्री

दसऱ्याच्या सुट्टीत आम्ही चार दिवस पाटोद्याच्या बाजूला, बालाघाटाच्या डोंगरातल्या एका गावात राहून आलो. रिसॉर्ट नाही, हॉटेल नाही, साधा बोर्डसुद्धा नाही, यांच्या ऑफिसमधल्या एकाच्या ओळखीचं घर. लातूरहून निघताना शेजारच्या काकू म्हणाल्या, "बीडला कुठं फिरायला चाललात?" आपल्याकडं डोंगर म्हणलं की महाबळेश्वर नाहीतर थेट मनाली. बालाघाट आपल्या दारात असून तिकडं राहायला म्हणून कुणी जात नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

पहिले दोन दिवस मी फक्त झोपले. बारा वर्षं नोकरी आणि घर करतेय, एवढी गाढ झोप आठवत नाही. माळवदावर गोधड्या टाकायच्या, वर नुसतं चांदणं, पहाटं थंडी वाजली की पांघरूण ओढायचं आणि रानातनं मोर ओरडायला लागले की समजायचं उजाडतंय. नायगावचं मयूर अभयारण्य त्याच तालुक्यात, १९९४ पासूनचं. मोबाईलला रेंज फक्त देवळाच्या ओट्यावर. एक दिवस सौताड्याला जाऊन विंचरणेचा धबधबा बघितला, खाली रामेश्वराचं दर्शन घेतलं, बाकी कुठंच गेलो नाही. जेवायला बाजरीची भाकरी, येसराची आमटी, पाट्यावर वाटलेली शेंगदाण्याची चटणी.

आणि सीताफळं! आमचं पोरगं सकाळपासून त्या घरच्या मामांच्या मागं डोंगरात. फळाचे डोळे उघडले, मधल्या रेघा पांढरट झाल्या की तोडायचं आणि घरी आणून गवतात झाकून ठेवायचं, हे आता त्याला पाठ झालंय. बीडच्या सीताफळाला २०१६ ला जीआय, म्हणजे त्या भागाचं खास फळ म्हणून भौगोलिक मानांकन, मिळालंय, हे मलाच तिथं जाईपर्यंत माहीत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी लवकर जाग आली म्हणून खाली आले तर मामांच्या बायकोचं, मावशींचं, शेण-पाणी उरकलेलं, चूल पेटलेली, आमच्या भाकरी थापून झाल्या की त्या सोयाबीन काढायला जाणार होत्या. मी म्हणलं मावशी सरका, मी करते. "बसा की माय, आराम करायला आलात ना तुम्ही." मी चुलीपुढंच बसले. मग बोलता बोलता कळलं की दिवाळी झाली की दोघं नवराबायको ऊसतोडीला जाणार, मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, कधीच घेतलेली आहे. ऊसतोडीत नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, ते आता मार्च-एप्रिललाच परत. धाकटं पोरगं सोबत नेणार, मोठी नववीत आहे म्हणून आजीजवळ ठेवणार. जमीन आहे पण डोंगराची, मुरमाड, पाणी धरतच नाही, पाऊस उघडला की पीक माना टाकतं.

माझी जी झोप झाली ना, ती मावशी पाचला उठत होत्या म्हणून झाली. त्यामुळं "गावाकडं काय खर्च येतो, थोडं कमी करा की" असं जे आपण सहज बोलतो त्याचा मला आता मनापासून राग येतो. अशा घरी घासाघीस करू नका. ते नको नकोच म्हणतात, "पाहुण्याचे कुठं पैसे घेतेत का", तरी द्या, आणि मावशींच्या हातात द्या. शहरातल्या हॉटेलात एका रात्रीला जे देतो तेवढे तरी द्याच. आणि हो, जे घरात शिजतं तेच खा, पनीर-बिनीर मागू नका.

राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० ला आलं, शेतकऱ्याला नोंदणी करून पाहुणे ठेवता येतात. त्या घरात हे कुणालाच माहीत नव्हतं. मोठ्या पोरीला मी बसवून सगळं समजावलं, कागदपत्रं मी भरून देणार आहे. चार घरची माणसं जरी नेमानं यायला लागली तरी पुढच्या साली उचल थोडी कमी घ्यावी लागंल, असं मावशी स्वतःच म्हणाल्या.

निघताना पिशवीभर सीताफळं दिली, रोज दाबून बघा म्हणल्या. कुणाला जायचं असेल तर मला मेसेज करा, मी त्यांना विचारून नंबर देते. पण दिवाळीच्या आधी जा, नंतर घरात फक्त आजी आणि पोरगीच असते.