तुमचा दुसरा फ्लॅट आणि 'रिच डॅड'ची व्याख्या

नमस्कार. रॉबर्ट कियोसाकींच्या 'रिच डॅड पुअर डॅड' या पैशांवरच्या पुस्तकाबद्दल मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया सडेतोड आहे, आवडली. या पुस्तकाला नावं ठेवणारे स्वतः पगारदार असतात आणि मराठी माणसाला नोकरीतच अडकवून ठेवतात, असं तुमचं म्हणणं. पुरावा म्हणून तुम्ही स्वतःचाच हिशेब दिलात: पुस्तक वाचून आरडी मोडली, पुण्यात 60 लाखांचा दुसरा फ्लॅट घेतला. कर्ज 45 लाख, साडेआठ टक्क्यांनी, 20 वर्षांसाठी. भाडं 16,000. "आता माझ्याकडे ॲसेट आहे."

पगारदार तर मी आहेच. पण ॲसेट कशाला म्हणायचं ते कियोसाकींनाच विचारू. 1997 च्या त्या पुस्तकात ते म्हणतात, खिशात पैसे आणतं ते ॲसेट, खिशातून काढून नेतं ती लायबिलिटी. (सीए मंडळी या व्याख्येला नाक मुरडतात. घरच्या हिशेबाला मात्र ती झकास आहे.) तुमचा हप्ता साधारण 39,000 बसतो. मेंटेनन्स, घरपट्टी आणि भाडेकरू बदलताना रिकामा जाणारा महिना सोडून दिला, तरी दरमहा 23,000 पगारातून जातात. म्हणजे त्यांच्याच व्याख्येने तुम्ही लायबिलिटी घेतलीत! पहिल्या हप्त्यात जवळजवळ 32,000 नुसतं व्याज होतं, मुद्दल फिटलं सातेक हजारांचं. मुद्रांक शुल्क 7 टक्क्यांनी 4 लाख 20 हजार, ते वेगळंच.

भाव वाढेल म्हणाल. वाढेलही. पण कियोसाकींचा स्वतःचा भर भाववाढीपेक्षा महिन्याला हातात येणाऱ्या पैशावर आहे. शिवाय त्यांचं गणित अमेरिकेतलं. तिथे 30 वर्षं व्याजदर न बदलणारं गृहकर्ज सर्रास मिळतं. गुंतवणुकीची एक मालमत्ता विकून नियमात बसणारी दुसरी घेतली, तर नफ्यावरचा कर पुढे ढकलता येतो. आपल्याकडे मे 2022 ते फेब्रुवारी 2023 मध्ये रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो दर, 4 वरून 6.5 टक्क्यांवर गेला आणि फ्लोटिंग म्हणजे बदलत्या दरवाल्यांच्या कर्जाची मुदत कुठल्या कुठे गेली. नव्या करप्रणालीत भाड्याने दिलेल्या घराचा तोटा पगारातून वजाही करता येत नाही.

वाचूच नका, असं मी कुठेच म्हटलं नव्हतं. पहिला पगार हातात आलेल्या पोरांनी जरूर वाचावं, तेही लायब्ररीतून आणून. उत्पन्न, खर्च, ॲसेट, लायबिलिटी यांच्या त्या साध्या आकृत्या पाहून जे कळतं ते कॉलेजात शिकवत नाहीत. बाकी गोष्टी करमणूक म्हणून ठीक.

कियोसाकींच्या एका कंपनीने 2012 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, हे दुसऱ्या एका वाचकाने तुम्हाला सुनावलंय. मला तो मुद्दा गैरलागू वाटतो. तो त्यांच्या सेमिनारच्या पैशांवरून झालेला वाद होता, पुस्तकातल्या विचाराचा निकाल नव्हे.

आणि सेमिनारवरून आठवलं, शेवटी तुम्ही त्या तीन दिवसांच्या 'वेल्थ' शिबिराबद्दल विचारलंय. पैसे भरू नका. तिथे कोणी अमुक शेअर घ्या, तमुक प्लॉट घ्या म्हणू लागलं, तर शेअरवाल्याला सेबीचा, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाचा, नोंदणी क्रमांक विचारा, सल्लागाराचा असेल तर 'आयएनए'ने सुरू होतो. प्लॉटवाल्याला महारेराचा, म्हणजे राज्याच्या घर-जमीन व्यवहारांवरच्या नियामकाचा.