नितळ दिसणारं पाणी आणि कोळशाचा दावा

काचेच्या भांड्यात गडद निळं पाणी, त्यात करवंटीच्या कोळशाची पूड, थोडं ढवळून गाळलं की पाणी नितळ. असे व्हिडिओ मोबाइलवर सतत फिरत असतात. सोबतचा दावा असा : रंगाई कारखान्यांचं सांडपाणी असंच फुकटात पिण्याजोगं होतं, नाल्यात कोळशाची पोती टाकली की काम झालं, पण कंपन्या हे लोकांपासून लपवतात. सांडपाण्याने प्रदूषित होणाऱ्या पंचगंगेच्या काठावरच्या माणसाला हे खरं असावंसं वाटणारच. म्हणूनच तो दावा नीट तपासायला हवा.

कोळसा रंग ओढतो, एवढं अगदी खरं. टोबियास लोविट्झ या रसायनतज्ज्ञाने रशियात १७८५ मध्ये ते पाहिलं होतं. रंगाचे रेणू कोळशातल्या सूक्ष्म छिद्रांच्या भिंतींना चिकटतात.

पण ‘कोणताही कोळसा चालतो’ हे चूक. चुलीतल्या कोळशाची बहुतेक छिद्रं बंद असतात. तोच कोळसा ८०० ते १००० अंश तापमानाला वाफेत भाजला की छिद्रं उघडतात आणि एका ग्रॅममध्ये हजार चौरस मीटरच्या आसपास पृष्ठभाग तयार होतो. तो ॲक्टिव्हेटेड कार्बन. त्याला भट्टी लागते, इंधन लागतं.

‘कोणताही रंग निघतो’ हा दावा त्याहून फसवा आहे. अशा प्रयोगांत बहुधा मिथिलीन ब्लू वापरतात. त्याच्या रेणूवर धन भार असतो, वनस्पतीच्या कोळशावर सहसा ऋण भार, त्यामुळे तो झटकन चिकटतो. इचलकरंजीत किंवा तमिळनाडूतल्या तिरुपूरला सुती कापड रंगवतात ते मुख्यतः रिॲक्टिव्ह, म्हणजे धाग्याशी रासायनिक बंधाने जोडल्या जाणाऱ्या रंगांनी, आणि त्यांच्यावर ऋण भार असतो. शिवाय हा रंग धाग्यात पक्का बसावा म्हणून सोडा ॲश घालतात, म्हणजे सांडपाणी चांगलंच अल्कधर्मी. अशा पाण्यात कोळशाचा ऋण भार आणखी वाढतो आणि रंग दूर ढकलला जातो. आम्ल घालून पाणी उदासीन केलं तर फरक पडतो, पण ती पायरी व्हिडिओत कुठेच नसते.

आता सगळ्यात गंभीर मुद्दा : ‘नितळ म्हणजे शुद्ध’. रिॲक्टिव्ह रंगाईत रंग धाग्याकडे सरकावा म्हणून लिटरमागे पन्नास-साठ ग्रॅम, कधी त्याहून जास्त मीठ घालतात. ते जवळजवळ सगळं सांडपाण्यात उतरतं, आणि विरघळलेलं मीठ कोळसा पकडत नाही. तिरुपूरच्या रंगाईच्या पाण्याने नोय्यल नदी आणि खालचं ओरत्तुपालयम धरण खारट झालं, शेतं नासली, शेतकरी न्यायालयात गेले. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिथले रंगाई कारखाने बंद करायला लावले. ते पाणी कोळशातून गाळून नितळ केलं असतं, तरी त्या शेतांवर मीठ तेवढंच पडलं असतं. मिठासाठी रिव्हर्स ऑस्मोसिस (दाब देऊन पाणी बारीक पडद्यातून गाळणं) आणि बाष्पीभवन लागतं, आणि खरा खर्च तिथेच आहे. तेव्हा पुढचा व्हिडिओ आला की पाठवणाऱ्याला प्रक्रियेआधीचा आणि नंतरचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, विचारा.

‘फुकट’चा हिशेबही करू. रोज दहा लाख लिटर सांडपाणी, लिटरमागे १०० मिलिग्रॅम रंग, आणि एक ग्रॅम चांगला कोळसा १०० मिलिग्रॅम रंग धरतो असं मानू. रोज एक टन कोळसा लागेल. साध्या कोळशाची क्षमता याच्या दशांश धरली तर दहा टन. उसाच्या चिपाडाचा कोळसा करा, असंही सुचवतात. पण कोल्हापूर भागातलं चिपाड आजच साखर कारखान्यांच्या बॉयलरमध्ये जातं, त्यावर वीज तयार होते. ते कुठे टाकून दिलेलं नसतं.

लपवण्याचा आरोप तर टिकतच नाही. अनेक प्रक्रिया केंद्रांत कार्बन फिल्टर असतो, पण शेवटच्या टप्प्यावर. आधी गाळ बसवायचा, जिवाणूंकडून सेंद्रिय घाण कमी करायची, मग उरलेल्या रंगासाठी कोळसा. हा क्रम मोडला तर छिद्रं गाळाने आणि तेलाने लवकरच बुजतात.

नाल्यातल्या पोत्यांचं नेमकं तेच होईल. पाणी बाजूने वाहून जाईल, आणि जो थोडा रंग धरला असेल त्यातला काही पावसाचं स्वच्छ पाणी आलं की परत सुटेल, कारण हे चिकटणं दोन्ही दिशांनी चालतं. वापरलेला कोळसा भट्टीत पुन्हा तापवावा लागतो किंवा घातक कचऱ्याच्या ठिकाणी पाठवावा लागतो. ती पोती नाल्यातून कोण उचलणार आणि कुठे नेणार, याबद्दल दाव्यात एक शब्दही नसतो.